घाटातले ओझे

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी आगगाडी थांबली म्हणजे उतारूंची पहिली धाव वड्यांकडे असते. गाडी येथे का थांबली, असा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांना पडतो. वडे घेण्यासाठी ती थांबत नाही, एवढे मात्र निश्चित! गाडीच्या शेपटाकडे जाऊन पाहावे, तर तेथे दोन-तीन विजेची एंजिने हलकेच येऊन शेवटच्या डब्याला भिडत असतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे एंजिन ओढते, मागची ढकलतात आणि गाडी बोरघाट चढून जाते. लोणावळा आले, की ही मागची एंजिने सुटी होतात आणि पुढल्या खेपेसाठी पुन्हा खाली येतात. दुसऱ्याला वर पोचवायचे आणि स्वतः मात्र पुणे कधी पाहायचे नाही, असा त्यांचा संसार.

माझ्या लहानपणी या कामावर जुनी ‘क्रोकोडाइल’ एंजिनेही दिसत. १९२९-३० च्या सुमारास कल्याण ते पुणे या मार्गावर वीज आली, तेव्हापासूनची ती. दोन्ही टोकांना सुसरीसारखी लांबट नाके आणि चाकांना एकत्र गुंफणारे जाडजूड लोखंडी दांडे. ती निघाली, की ते दांडे एखाद्या पैलवानाने जोर काढावेत तसे खालीवर होत. शाळा सुटल्यावर आम्ही मुले फाटकाशी उभे राहून ते पाहत असू.

एंजिने पुढे जोडण्याऐवजी मागे का जोडतात, असे तुम्ही विचाराल. मीही हे वडिलांना विचारले होते. साऱ्या गाडीचे ओझे पुढूनच ओढले, तर पहिल्या डब्याच्या आकड्यावर सगळा ताण येतो. तो आकडा तुटला, तर मागचे डबे उतारावरून धावत सुटतील. मागून आधार असला म्हणजे ताण वाटला जातो आणि गाडी मागे घसरण्याची भीतीही उरत नाही. बोरघाटाची सर्वांत खडी चढण सदतिसास एक आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे जावे, तेव्हा एक फूट वर चढते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. परंतु हिशेब करून पाहा. एक हजार किलो वजनाला सपाट रुळांवर हलते ठेवण्यास थोडे किलो ओढ पुरते; या चढणीवर त्यात आणखी सत्तावीस किलोंची भर पडते. ओझे तेच, गाडी तीच. पण ओढ कितीतरी पट हवी. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीची चढण तर वीसास एक आहे. ती १९०७ साली सुरू झालेली चिमुकली गाडी एवढे मोजके डबे घेऊन वळणे घेत का जाते, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

हा घाट वश करायला माणसांना फार कष्ट पडले. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले आणि तेथेच थांबले. पुढे उभा सह्याद्री. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, तरी मधला घाट रिकामाच होता. उतारू खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा छकड्यात बसून खंडाळा गाठत आणि तेथे दुसऱ्या गाडीत चढत. घाटातील रुळांचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कामाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आणि ते तडीस नेले. हजारो मजुरांनी पंचवीस बोगदे फोडले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून गाडी सुरू झाली. त्या मजुरांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांतले किती जण पटकीने आणि तापाने घाटातच गेले, याची कल्पनाच केलेली बरी.

हे सगळे मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले. सेवानिवृत्तीनंतर ते पुन्हा सांगण्याचा प्रसंग आला, तो एका जुन्या मोटारीमुळे.

खोपोलीला माझ्या एका विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. शाळेत असताना तो व्याकरणात कच्चा; पण बिघडलेली घंटा, अडकलेले कुलूप, पाण्याचा पंप हे सारे त्याच्या हाती सोपवावे. घाटात बंद पडलेली वाहने टोचन करून आणणे हा त्याच्या धंद्याचा मोठा भाग. एके दिवशी त्याचा निरोप आला, “सर, एकदा येऊन जा. गाडी बघायला नको, गाडीवाल्याला समजवायला या.”

गेलो, तर गॅरेजात एक टुमदार लाल मोटार उभी होती. एम. जी. कंपनीची ‘टी सी’, १९४८ सालची. ही मोटार इंग्लंडात ॲबिंग्डन या गावी १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे. बसायला दोनच माणसांची जागा, सायकलीसारख्या तारांची उंच चाके, लांब नाक आणि मागे उघडा ठेवलेला टायर. अंगाचा पत्रा आतून लाकडी सांगाड्यावर ठोकलेला. एंजिन साडेबाराशे घनसेंटीमीटरचे, चोपन्न अश्वशक्तीचे. आजच्या साध्यासुध्या कौटुंबिक मोटारीतही याहून अधिक शक्ती असते. पण त्या काळी हिच्यात बसून वाऱ्यावर केस उडवीत जाणे हा मोठाच दिमाख होता.

मोटारीचा मालकही माझाच विद्यार्थी निघाला. कर्जतजवळ त्याची शेती आणि रोपवाटिका आहे. त्याच्या आजोबांनी ही मोटार मुंबईच्या एका गृहस्थाकडून विकत घेतली होती. आजोबा गेले, मोटार गोठ्याशेजारच्या पडवीत राहिली. तिची निगा राखायची तर पैसा लागतो आणि रोपवाटिकेतून तो काही पाझरत नव्हता. मुंबईचा एक शौकीन चांगली किंमत द्यायला तयार होता. नातवाचा जीव मात्र मोटारीत अडकलेला. तेव्हा त्याने एक युक्ती काढली होती.

“सर, ही स्वतःचं पोट स्वतः भरेल,” तो म्हणाला. “मागे हुक बसवायचा. छोटी ट्रॉली जोडायची. तिच्यात रोपं भरून खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यांना पोचवायची. लाल गाडी रोपं घेऊन आली, की लोक बघत राहतील! ताकद कमी पडते, म्हणून टर्बो आणलाय.”

त्याने टेबलावरच्या तेलकट फडक्यातून एक वस्तू काढली. मोडीत निघालेल्या एका टेंपोचा तो टर्बो होता. गोगलगायीच्या दोन शंखांना पाठीला पाठ लावून चिकटवावे, तसा त्याचा आकार. दोन्ही शंखांत पाकळ्यांचे एकेक चाक; दोन्ही चाके एकाच दांड्यावर.

मुलांनो, तुम्ही लोहाराचा भाता पाहिला असेल. भात्याने वारा घातला, की निखारे फुलतात. कोळसा तेवढाच असतो; हवा अधिक मिळते आणि आच वाढते. मोटारीच्या एंजिनाचेही असेच आहे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! एंजिन ही हवा स्वतःच्या छातीने ओढून घेते, आणि जेवढी हवा आत येईल तेवढेच इंधन जळते. त्यातून घाट चढू लागलो, की हवा विरळ होते. शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का. म्हणजे खंडाळ्यापर्यंत जाताना एंजिनाचा पाच-सहा टक्के श्वास कमी होतो, आणि नेमके तेव्हाच त्याला अधिक कष्ट पडत असतात.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याच्या मनात एक विचार आला. एंजिनातून जळून बाहेर पडणारा तप्त वायू आपण नळीवाटे फुकट सोडून देतो. त्याच्यात केवढा जोर असतो! त्या जोराने एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने एंजिनात हवा कोंबावी. या कल्पनेचा हक्क त्याने १९०५ साली नोंदवला. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे एंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन, तेथील विरळ हवेत टर्बोने त्याची गेलेली शक्ती परत आणून दाखवली. आपल्या वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली आगगाडीची मोठी डिझेल एंजिने टर्बोवरच चालत. धूर सांडून जातो म्हणून हळहळणारा ब्यूखी मला आपल्याकडच्या काटकसरी गृहिणीसारखा वाटतो.

“म्हणजे टर्बो चांगलाच की!” नातू म्हणाला. “आणि सर, याच कंपनीने १९३३ साली शर्यतीच्या के-थ्री गाडीत हवा दाबून भरायचं यंत्र बसवलं होतं. मग मी बसवलं तर काय बिघडलं?”

प्रश्न अभ्यास करून विचारलेला होता. मला तो आवडला. उत्तर मी दिले नाही. ते गॅरेजवाल्याने दिले. त्याने एका जुन्या पिस्टनवर बोट ठेवले.

“ती गाडी त्याच कामासाठी घडवली होती, दादा. हिची छाती वेगळी. जास्त हवा कोंबली, तर आतला दाब वाढणार, उष्णता वाढणार. पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच कुठेतरी भडकणार. आतून हातोडी मारल्यासारखा टक-टक आवाज येतो. पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. ते टाळायचं, तर पिस्टन बदला, गॅस्केट बदला, आत येणारी हवा गार करायला जाळी लावा, पाण्याचा रेडिएटर मोठा करा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याला तेलाची वेगळी नळी द्या. एवढं झालं, की जास्तीची ताकद गिअरवर येणार. तो सोसेल? मग मागचा ॲक्सल. मग चासी. शेवटी आजोबांच्या गाडीतला एक नंबरपट्टीचा पत्रा तेवढा राहील.”

तोही राहणार नव्हता, असे मी मध्येच म्हणालो. शासनाने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली मोटार वारसा म्हणून नोंदवता येते व तिला वेगळी नंबरपट्टी मिळते. मात्र तिची चासी, बाह्यांग किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी मोटार रोजच्या अथवा व्यापारी कामाला वापरता येत नाही. त्या नोंदणीचे सोडले, तरी कोणत्याही मोटारीत परवानगीवाचून असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहेच.

नातवाचा चेहरा उतरला. तरुण माणसाला कायदा सांगितला म्हणजे तो गप्प बसतो. त्याला पटलेले मात्र नसते. गॅरेजवाला हे माझ्याहून चांगले जाणतो. तो म्हणाला, “टर्बो राहू दे बाजूला. आपण नुसती ट्रॉली लावून बघू. तुझ्याच शेतावर.”

दुसऱ्या रविवारी आम्ही तिघे शेतावर जमलो. बांधापासून विहिरीपर्यंत मुरमाचा एक खाजगी रस्ता उतरतो. गॅरेजवाल्याने चासीला भोक न पाडता, पट्ट्या आवळून तात्पुरता हुक बसवला होता. ट्रॉलीत मातीची पोती भरली; ट्रॉलीसकट वजन चारशे किलोच्या घरात गेले. मोटार सुमारे आठशे किलोंची. म्हणजे तिने आपल्या निम्मे ओझे पाठीशी घेतले.

चढताना ती चढली! पहिल्या गिअरमध्ये, कण्हत, पण चढली. नातवाने वरून हात हलवला. रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ येत होती. एंजिन निवेपर्यंत आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो. मग गॅरेजवाला स्वतः चालकाच्या जागी बसला. उताराच्या मध्यावर त्याने मुद्दाम रस्त्याच्या दोन्ही कडांना भाताच्या पेंढ्यांची रास घातली होती, आणि आम्हा सगळ्यांना दूर उभे केले होते.

मोटार बैलगाडीच्या वेगाने उतरू लागली. मध्यावर त्याने ब्रेक दाबला. मोटारीची चाके अडली, ट्रॉलीची अडली नाहीत. त्यांना ब्रेकच नव्हता. मागच्या ओझ्याने मोटारीला ढुशी दिली. तिचा मागचा भाग मुरमावर हळूहळू एका बाजूला सरकू लागला. ट्रॉली दुसऱ्या बाजूने पुढे यायला बघू लागली. दोघींच्या मध्ये हुकाचा कोन होत गेला. चाके पेंढ्यात रुतली, तेव्हाच ती जोडगोळी थांबली. हे सारे माणसाच्या चालीने घडले. कोणाला खरचटलेदेखील नाही. परंतु नातू जागचा हलला नाही.

गॅरेजवाला उतरला आणि पँट झटकीत म्हणाला, “ओढण्याचं कौतुक सगळ्यांना असतं. थांबवणार कोण? घाटात पेंढा नाही.”

घाटातून मुंबईकडे उतरणाऱ्या आगगाड्यांना आधी थांबवून त्यांचे ब्रेक तपासतात. वाटेत काही ठिकाणी मुख्य रुळांतून एक रूळ फुटून डोंगराकडे वर चढत गेलेला असतो. त्याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटेपर्यंत सांधा त्या चढत्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी सुटून आलीच, तर ती चढावर जाऊन आपोआप मंदावावी. चढण्यासाठी एंजिने आणि उतरण्यासाठी एवढी तजवीज! तेथे विहिरीच्या काठावर बसून मी नातवाला हे सांगितले. बँकरचेही सांगितले. रेल्वेने एकाच एंजिनात सगळा घाट कोंबला नाही. जेथे चढण सुरू होते तेथे मदत जोडली आणि जेथे ती संपते तेथे सोडवली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे विकावीच लागणार.”

इतका वेळ त्याची आजी ओसरीवर बसून हा प्रकार पाहत होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे. ती काठी टेकत आली आणि मोटारीच्या चिखल झालेल्या दारावर तिने हात ठेवला.

“मास्तर, लग्न होऊन मी या गाडीतून घरी आले,” ती मला म्हणाली. “दोघांपुरतीच जागा. माझी ट्रंक, भांडी, सगळं मागून बैलगाडीतून आलं. संध्याकाळ झाली यायला. तेव्हासुद्धा कुणी हिला ओझं लावलं नव्हतं. ओझं ओढायला बैल होते की.” मग नातवाकडे वळून म्हणाली, “रोपं न्यायला टेंपो घे. हिचा खर्च मी देईन. माझ्या पाटल्या काय माझ्याबरोबर यायच्या आहेत?”

पाटल्यांपर्यंत गोष्ट गेली नाही, हे सांगायला मला आनंद वाटतो. नातवाने कर्ज काढून एक जुना डिझेलचा छोटा टेंपो घेतला. आजकालच्या बहुतेक डिझेल टेंपोंत असतो, तसा त्यातही कारखान्यातच बसवलेला टर्बो आहे. त्यामुळे हौसही भागली. आठवड्यातून दोनदा तो रोपे घेऊन घाट चढतो. शिंगरोबाच्या देवळापाशी इतर चालकांप्रमाणे तोही नाणे टाकतो. ज्या धनगराने घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे, त्याचे ते देऊळ. रोपांच्या मिळकतीतून थोडे बाजूला काढून त्याने लाल मोटारीचे ब्रेक नवे केले आणि एंजिनाच्या पाण्याच्या वाटा साफ करून घेतल्या. वारसा मोटार म्हणून नोंदणीसाठी त्याने अर्जही केला आहे. त्यासाठी जुनी कागदपत्रे शोधताना आजोबांच्या पेटीत मोटारीची १९५८ सालची विक्रीची पावती सापडली. तिच्यावरचा आकडा वाचून आम्ही सगळेच हसलो. आजकाल एवढ्या पैशात तिचा एक टायरही येणार नाही!

तो टेंपोचा जुना टर्बो गॅरेजात पडून होता. मी तो मागून घेतला, रॉकेलने धुऊन काढला आणि शाळेच्या विज्ञान-खोलीत नेऊन ठेवला. सहावीच्या मुलांना त्याचा फार लळा लागला आहे. मधल्या सुट्टीत एक जण एका शंखाला तोंड लावून गाल फुगवून फुंकर मारतो, दुसरा पलीकडच्या शंखासमोर तळहात धरून उभा असतो, आणि वारा लागला की ओरडतो, “आला, आला!”